नाशकाच्या घोड्यानं चाखलेलं रुखवत

रद्दीचं रुखवत घेऊन लग्नाला निघालेली बाई सायखेड्यानं आजवर पाहिली नव्हती. यंदाच्या वैशाखात पाहिली. ती बाई मीच.

नाशकात मखमलाबाद रस्त्याला माझ्या भावाचा फुलांचा मळा हाय. त्याच्या थोरल्या पोरीचं, चंपाचं, लगीन ठरलं तवा मी तोऱ्यात सांगून टाकलं, "रुखवतात मधोमध आत्याची वस्तू बसणार!" वहिनी हळूच म्हणाल्या, "आणा की वन्सं. पण मांडायला चंपाची मावशी बसंल. लोकं बोलत्यात." म्हणजे विधवेनं मांडवात पुढं यायचं नाय. बरं! मी मागं बसंन, पण माझी डाल पुढं बसंल, अन् तिला पाहून माणसं विचारतील, ही केली कुणी? एवढं एक ऐकायला मी नाशकाला निघाले.

डाल म्हणजे कागदाच्या लगद्याची मोठी टोपली. मी ज्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, तिथंच वाळवी लागलेली पुस्तकं काढून टाकली होती. मास्तरांकडून ती मागून आणली. एकेक पुस्तक कपाळाला लावलं अन् मग रांजणात बुडवलं. चार दिवस भिजलं की उखळात कुटायचं, भिजवलेली मेथी वाटून घालायची, म्हणजे चिकटही होतं अन् कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागत नाय. मग पालथ्या घागरीवर थापायचं अन् उन्हात ठेवायचं. तुम्ही करणार असाल तर मेथी बेतानं घाला. मी हात सैल सोडला, अन् त्याचंच सगळं रामायण झालं. वरून पाढ्यांची पानं चिकटवली. जावईबापूंना एकोणतिसा येतो का ते कळायला नको?

लग्नाला दोन दिवस होते तवा नामदेवभावजींच्या बैलगाडीत बसले. खेरवाडी स्टेशनापर्यंत रस्ता कसला, नुसत्या चाकोऱ्या. डाल मांडीवर, हाडं खिळखिळी.

"भावजी, बैल हाकताय का माझी डाल फोडताय?"

"वहिनी, डालीपायी मला खाली उतरवून चालवलंत. आता बैलांनाबी उतरवू का?"

आगगाडीत बायांच्या डब्यात बसा, अन् खिडकी धरा. दशमी, कांदा, मिरचीचा ठेचा सोबत असू द्या. स्टेशनावरची भजी थंडगार असतात. समोर एक बाई टकळीवर सूत कातत होती. म्हणाली, "केवढ्याला दिली डाल?" म्हटलं, "विकायची नाय बाई, मिरवायची हाय." पार नाशिक रोडपर्यंत माझ्या तोंडाला कुलूप नव्हतं.

नाशिक रोडला उतरलं की टांगेवाले अंगावर येतात. पहिला भाव ऐकून हसायचं अन् चालू लागायचं. करीमभाई म्हणून एक म्हातारा टांगेवाला चार आणे म्हणाला. मी डाल खाली ठेवली, दोन्ही हात कमरेवर घेतले अन् म्हटलं, "दोन आणे. तुमचा घोडा नुस्ता उभा राहून दमलाय."

"घोडा दमला नाय मावशी, भुकेजलाय."

"ते तर दिसतंच हाय!"

दिसलं कुठं? माझी पाठ होती. मागून कराकरा आवाज आला. वळून बघते तर घोड्यानं डालीचा काठ तोंडात धरलेला! मेथी! कसर पळवायला घातलेल्या मेथीनं घोडा बोलावला होता. मी ओरडले, करीमभाईंनी लगाम ओढला, पण तोवर दीड वीत काठ अर्धगोल गायब. दुआ-तिआचे पाढे सगळे घोड्याच्या पोटात.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लगीन परवावर. नवा लगदा दोन दिवसांत वाळत नाय. अन् असली फुटकी डाल पाहून मावशीनं ती माजघरातच सारली असती.

करीमभाईंनी डाल उचलून टांग्यात ठेवली. मग म्हणाले, "बसा. पैसे नको. माझा मेव्हणा उस्मान पुस्तकं बांधतो. कागदाचं त्याला सगळं कळतं."

असा माझा टांगा भावाच्या मळ्याऐवजी भद्रकालीकडं वळला. तुम्ही नाशकात गेलात तर त्या गल्ल्यांत जरूर फिरा. उस्मानभाईंच्या दुकानात पायाखाली रंगीत कागदाच्या कातरणांचा गालिचा! त्यात छापील अक्षरांचं एक कातरण माझ्या पायाखाली आलं तर त्यांनी उचलून डोळ्यांना लावलं. म्हटलं, हा आपल्यातलाच.

त्यांनी डाल फिरवून फिरवून पाहिली. "बहन, भरायला गेलो तर ठिगळ दिसंल." अन् खाली ठेवताना ती पालथीच ठेवली. अन् मला दिसलं! घोड्यानं खाल्लेली जागा आता कमानीचं दार झाली होती.

"उस्मानभाई, बंगला!"

"बंगला!" तेही ओरडले.

मग काय विचारता! जुन्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांचा व्हरांडा, त्याच पुस्तकांच्या सोनेरी अक्षरांच्या पाठींच्या पायऱ्या, कातरणांची जाईची वेल. त्यांची चिकटवायची खळ मोरचूद घातलेली. ते म्हणाले, "हिला किडा शिवत नाय." म्हटलं, "अन् घोडा?" करीमभाई दारातूनच हसले. पण मोरचूद विखारी असतं; हात धुवा, अन् असल्या वस्तूत खायचं काही ठेवू नका. उस्मानभाई दाराच्या कडा कातरायला निघाले तर मी हात धरला. "दात राहू द्या. घोड्याची सही हाय ती."

लग्नाच्या दिवशी मावशीनं बंगला मधोमध मांडला, मनापासून मांडला. मी मागं खांबाला टेकून. वरपक्षाच्या बाया जमल्या. विहीणबाई पायऱ्यांवरची अक्षरं वाचत वाचत दारापाशी आल्या अन् थबकल्या.

"हे काय? उंदरानं कुरतडलेलं रुखवत?"

मावशी पदरानं दार झाकायला गेली. वहिनींचा चेहरा पांढराफटक. चंपा खाली बघायला लागली. माझ्या हट्टापायी पोरीला पहिल्याच दिवशी बोल लागणार होता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "उंदीर नाय, विहीणबाई! घोडा!"

"कोण बोललं?"

मी वहिनींकडं बघितलं. वहिनी बायांमधून वाट काढत आल्या, माझा हात धरला अन् मला ओढत पुढं आणलं. "ह्या माझ्या नणंदबाई. बंगला ह्यांनीच केलाय. वन्सं, सांगा."

सांगितलं. मेथी, करीमभाई, दुआ-तिआ, सगळं. विहीणबाई पोट धरून हसल्या. "नवरदेवाचा घोडा यायच्या आधी तुमचा घोडा जेवून गेला म्हणा!" मी म्हटलं, "पाढे शिकूनही गेला. जावईबापूंना येतात का विचारून बघा!" मग लगदा कसा, खळ कशी, बायांनी मला उठूच दिलं नाय. अक्षता पडल्या तवाही मी मांडवात रुखवताशेजारीच होते.

परत येताना करीमभाईंचाच टांगा केला. घोड्यानं माझे हात हुंगले.

"मेथी नाय रे बाबा," मी म्हटलं.

आता घरी आलेय. चंपाचा निरोप आलाय की सासूबाई येईल-जाईल त्याला आधी ते दार दाखवतात. अन् वहिनींनी सांगून पाठवलंय, धाकटीच्या रुखवताला मांडायला तुम्हीच बसायचं. तिचं लगीन अजून लांब हाय. तरी मी काल रांजणात कागद भिजत घातले, अन् वाटायला मेथी काढली. बेतानं घ्यायची म्हणून मूठ भरली, जरा थांबले, अन् अजून एक मूठ घेतली.