मीटरमध्ये न आलेले किलोमीटर

आमचं युनिट तेव्हा लडाखमध्ये होतं. मी वर्कशॉपचा हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. नायक दत्ता शेलार ड्रायव्हर. दोघेही पुण्याचे, तो येरवड्याचा, मी कात्रजचा. सकाळी सहाला गाड्यांची तपासणी, सातला कॉन्व्हॉय निघे.

दत्ताच्या चार नंबरच्या ट्रकचे टायर झिजले. त्या मापाचे स्टोअरमध्ये नव्हते, एक माप मोठे होते. मी तेच चढवले. परवानगी घेतली नाही, नोंद केली नाही.

मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं. मीटर मात्र फेरेच मोजतो. शंभर किलोमीटर धावलेली गाडी ब्याण्णव दाखवू लागली. शिवाय ओढ कमी झाली. तिसऱ्या गिअरचा चढ दुसऱ्यात चढावा लागे. डिझेल जास्त जाई, आणि किलोमीटर कमी नोंदले गेल्याने लॉगबुकात ते त्याहूनही जास्त दिसे.

"शेलार, गाडी डिझेल पिते की तू विकतोस?" सुभेदारसाहेबांनी फॉलइनमध्ये सगळ्यांसमोर विचारलं.

दत्ता वर्कशॉपमध्ये आला. "हवालदारसाहेब, एकदा गाडी बघा हो. मी चोर नाही."

"बघतो."

डिझेल का जास्त जातं, ते मला माहीत होतं. सांगितलं असतं तर बढती अडली असती.

डिझेल वाचवायला दत्ता उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू लागला. तशा गाडीला इंजिन रोखून धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. चौथ्या दिवशी अकरा वीसला रेडिओ वाजला.

"चार नंबरची गाडी दरीत गेली. ओव्हर."

"ड्रायव्हर?"

"ड्रायव्हर गेला. ओव्हर."

चौकशीत मी सांगितलं, गाडीत दोष नव्हता. ड्रायव्हरची चूक, असं लिहिलं गेलं. बढती मला मिळाली.

आता निवृत्त होऊन पुण्यात असतो. गेल्या महिन्यात सोसायटीतल्या एका आयटीवाल्याने जीपला मोठे टायर बसवले. "काका, पिकअप गेला, ॲव्हरेजही पडलं. असं कसं?" मी पाच मिनिटांत समजावलं. तेवढाच वेळ लागला असता तेव्हाही.

दुसऱ्या दिवशी येरवड्याला गेलो. दत्ताच्या बायकोला सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या,

"ते चोर नव्हते हे मला माहीतच होतं, भाऊजी. तुम्हालाही माहीत होतं, हे आज कळलं."

मी उठलो. त्यांनी थांबवलं नाही.

म्हणून इथे लिहितो: नायक दत्ता शेलारने डिझेलचा एक थेंबही विकला नाही. टायर मी बसवले होते.

थंडीत इंजिन सुरू होत नसलं की तो बॉनेटवर हात ठेवून म्हणे, "चल गं बाई, येरवड्याला जायचंय." आम्ही हसायचो. ते एकदा ऐकायला मिळावं, एवढंच आता वाटतं.