तळाची ओळ

सुरतेजवळच्या पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या गिरणीच्या मॅनेजरनं माझ्या प्रोग्रामरला फसवलं. प्रोग्रामर स्वतः हे कुठे बोलला नाही, म्हणून मी लिहितो आहे.

त्याला काहीही विचारा, चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचा, "मला नका विचारू शेठ, तक्त्याला विचारा." असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, स्वतःकडे काहीच ठेवून न घेणारा.

नव्वदीची सुरुवात होती. मी कापडाच्या गाठी उचलायला सुरतेत आलो होतो. भांडत, घासाघीस करत स्वतःच्या कॉम्प्युटरच्या दुकानापर्यंत पोचलो. माझा प्रोग्रामर अमळनेरकडचा. बायको-पोर गावी, हा बमरोलीत एका खोलीत एकटा. मिलना लागणारे प्रोग्राम तो लिहायचा, मी विकायचो.

इतरांचे प्रोग्राम म्हणजे ओतलेलं सिमेंट. मिलनं एक रकाना वाढवून मागितला की फोडा आणि पुन्हा ओता. यानं वेगळंच केलं. पडद्यावर काय दिसावं, कशानंतर काय विचारावं, चूक झाली तर काय म्हणावं, सगळं एका तक्त्यात ओळीओळीनं लिहून ठेवलं. प्रोग्राम फक्त तक्ता वाचायचा आणि तसा पडदा उभा करायचा. ओळ बदलली की पडद्याची वागणूक बदलली.

रंगखात्याचा मुकादम एकदा चिडून आला. हातात कापडाचा लॉट असतो आणि हे मशीन आधी रंगाचा नंबर मागतं, अशी त्याची तक्रार. यानं दोन ओळींची अदलाबदल केली. मुकादमानं नवा पडदा पाहिला, मग मशीनच्या मागे वाकून पाहिलं, कुणी बसलंय का.

एकदा दुपारी बरोबर एक वाजता दुकानातल्या त्याच्या पडद्यावर आपोआप प्रश्न उमटला, इंग्रजी अक्षरांत: जेवलास का? मी हसत विचारलं, हे कुणी घातलं? "तक्त्यात आहे," एवढंच म्हणून त्यानं 'हो'चं बटण दाबलं आणि डबा उघडला. पुढे मला हसू आलं नाही.

तक्त्याच्या शेवटच्या ओळीत त्याचं नाव होतं. पडद्याच्या तळाशी बारीक दिसायचं. निदान नाव तरी प्रोग्रामच्या पोटात पक्कं बांध, म्हणून मी त्याच्यावर ओरडलो. तो ऐकेना. "सगळ्यांना एक नियम आणि मला वेगळा, हे कसं चालेल?"

आणि ओळ कशी बदलायची हे त्या मॅनेजरला मीच दाखवलं. सौदा अडला होता. म्हणालो, साहेब, प्रोग्रामर लागतच नाही, तुम्ही स्वतः बदलून बघा. त्यानं माझ्यासमोर एक ओळ बदलली आणि खूश होऊन सही केली.

वर्षभरात तोच प्रोग्राम सुरतेजवळच्या सचिन गावातल्या दोन मिलमध्ये दिसला. तळाशी मॅनेजरच्या साडूचं नाव. आम्ही दोघं पांडेसऱ्याला गेलो. तिथंही तेच. मी टेबलावर हात आपटून भांडलो. मॅनेजर चहा मागवत राहिला. माझ्या माणसानं तक्ता उघडला आणि शेवटच्या ओळीशी थांबला.

"बदल ना. घाल तुझं नाव," मी म्हणालो.

"मी बदलली तर हे पुन्हा बदलतील, शेठ. तक्ता कुणाचंही ऐकतो."

त्यानं तक्ता बंद केला.

पुढच्या आठवड्यात बमरोलीच्या खोलीला कुलूप होतं. घरमालक म्हणाला, पेटी घेऊन गेला, पत्ता दिला नाही. गावाकडे निरोप धाडला, तिथंही तो पोचला नव्हता. नंतर त्यानं कुठे प्रोग्राम लिहिल्याचं मी ऐकलं नाही, आणि सुरतेतल्या कॉम्प्युटरवाल्यांत मी ऐकलं नाही असं फार थोडं असतं.

मॅनेजरसाहेब, तुम्हीही खानदेशचेच, मराठी वाचता. माझ्या हातून झालं ते मी वर लिहिलं आहे. साडूला प्रोग्राम विकायचा होता तर विकायचा. तळाशी माझ्या माणसाचं नाव राहिलं असतं तर तुमचं काय अडत होतं? उत्तर द्या.