बावीस नंबरचा ठसा

त्या साहेबाला मी अजून माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वसई पूर्वेच्या एका छोट्या कारखान्यात मी फ्रिक्शन वेल्डिंगच्या मशीनवर होतो. तिथे ना ठिणगी, ना वेल्डिंगची कांडी. एक दांडा गरगर फिरवायचा, दुसरा त्यावर दाबायचा. घासून तोंडं लाल झाली की फिरणं थांबवून जोरात रेटायचं. जोडापाशी जो मऊ धातू बाहेर येतो, त्याला आम्ही कॉलर म्हणायचो. आम्ही वर्षानुवर्षं ट्रकचे पोलादी दांडे जोडले. त्यात कॉलर एका बाजूला जास्त आली की तुकडा रिजेक्ट. सगळ्यांच्या डोळ्यांना तीच सवय.

मग जेट इंजिनाच्या भागांसाठी टायटॅनियमची चाचणी आली. दोन वेगळे मिश्रधातू जोडायचे होते. एक तापला की लवकर मऊ पडे, दुसरा हट्टी. कॉलर मऊ बाजूला कलणारच! तसे तीन तुकडे मी जोडले. तिन्ही वाकवून पाहिले, जोड टिकला.

आमचे साहेब, म्हणजे डिग्रीवाले मॅनेजर, यांना ते बघवेना. "हे काय वाकडंतिकडं? कॉलर दोन्हीकडे सेम पाहिजे."

"साहेब, धातू वेगळे आहेत. जास्त घासलं तर जोड भाजेल."

"आता तू मला शिकवणार?"

त्यांनी माझे दोन तुकडे भंगारात फेकले. तिसरा मी त्यांच्यादेखत खिशात घातला. मग त्यांनी स्वतः टायमर वाढवून नवे तुकडे जोडले. कॉलर देखणी आली. जो जोडेल त्यानं आपल्या नंबरच्या पोलादी पंचनं तुकड्यावर ठसा ठोकायचा, अशी आमच्याकडे रीत. साहेबांनी माझा पंच उचलला आणि स्वतःच्या तुकड्यांवर माझा बावीस नंबर ठोकला. वाकवताना ते खाडकन तुटले. मी मालकांना खरं सांगितलं, तर त्यांनी बोटानं ठसाच दाखवला. मला मशीनवरून काढून कॉलर तासायला बसवलं. जवळच पापडी गावात माझं घर, तिथे बायकोलाही सांगायची लाज वाटली. रागानं जेवण जाईना.

दुसऱ्या चाचणीला गिऱ्हाईकाचे इंजिनिअर स्वतः आले. साहेबांनी मशीन चालवली आणि माझा पंच मागितला. मी पाहुण्यांसमोर मोठ्यानं म्हणालो, "आमच्याकडे जो जोडतो, त्याचाच ठसा पडतो." मालक खूश झाले. त्यांनी हौसेनं साहेबांना मानाचा, कुणालाच न दिलेला एक नंबरचा पंच दिला.

तीन तुकडे वाकवले, तिन्ही तुटले. प्रत्येकावर एक नंबर.

पाहुण्यांनी विचारलं, "टिकलेला एकही जोड नाही?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड पांढरं पडलं होतं. माझा तुकडा तेव्हाही माझ्या खिशातच होता, आणि ते त्यांना माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते मला अजिजीनं म्हणाले, "दाखव ना, प्लीज."

"माझ्याकडे काही नाही, साहेब," मी म्हणालो. काय बरं वाटलं!

काम परत गेलं. महिन्याभरात साहेबही नोकरी सोडून गेले. मला मशीन मिळाली, पण पुढे रिटायर होईपर्यंत ट्रकचे दांडेच जोडले. टायटॅनियम परत आलं नाही.

तो तुकडा घरी शोकेसमध्ये आहे. वरून विमान गेलं की मी तो हातात घेतो. माझ्या हातून काय गेलं, हे मला चांगलं कळतं. पण तो माणूस आज समोर आला आणि पुन्हा "दाखव ना" म्हणाला, तर मी पुन्हा हात खिशातच ठेवीन.