जजसाहेबांचा बायोडेटा

आमच्या नात्यात लग्नाच्या चौकशा नेहमी माझ्याकडेच यायच्या. मुलाचा बायोडेटा हातात आला की मी शिक्षण-बिक्षण नंतर बघायची. आधी बघायची, मधली कुठली वर्षं गाळलीत ते. गाळलेल्या वर्षांत काहीतरी असतंच. आता व्हर्जिनियात, हर्नडनला लेकाकडे राहते, तरी ही खोड काही गेली नाही.

नात अकरावीत. जवळच जुन्या काळच्या एका जजचं घर आहे, म्युझियम केलंय त्याचं. उन्हाळ्यात तिथे गाइडचं काम मिळावं म्हणून पोरीचा जीव टांगलेला. आधी भाषण करून दाखवायचं होतं, म्युझियमच्या बाईंनीच लिहून दिलेलं. मी मेथी निवडत होते, ती समोर उभी राहून म्हणत होती: गरिबाघरचा मुलगा, वकील झाला, निवडून विधिमंडळात गेला, अँड देन, उतारवयात न्यायाधीश.

"थांब," मी म्हटलं. "मधे काय करत होता?"

"आजी, ते इम्पॉर्टंट नाहीये."

"म्हणजे आहेच काहीतरी. तुरुंगात असेल. नाहीतर दुसरी बायको."

"ओ माय गॉड, आजी! तुला लग्न करायचंय का त्याच्याशी?"

चिडून वर गेली. पण किडा तिच्याही डोक्यात शिरला असणार, कारण दुसऱ्या दिवशी तिने बाईंना विचारलंच. बाई गोड हसल्या म्हणे, 'तेव्हा ते राजकारणापासून जरा लांब होते' म्हणाल्या आणि तिच्या हातात कुकी ठेवली. कुकी दिली म्हटल्यावर तर माझी खात्रीच पटली.

मग नातीने लायब्ररीत शोधलं. जेवताना सांगितलं, आवाज बारीक करून. लांब कसले! गुलामगिरी टिकावी म्हणून जी राज्यं फुटून निघाली, त्यांच्या बाजूने साहेब विधिमंडळात बसले होते. घरातही गुलाम होते. त्यावरून झालेलं युद्ध हरले, काही वर्षं गप्प राहिले, मग जज झाले.

तुरुंग नाही, दुसरी बायको नाही. माझ्या संशयाची धाव तेवढीच होती. हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"हे बोलू का मी?" तिने विचारलं.

लेक म्हणाला, "काम हवंय ना? मग दिलंय तेवढंच बोल."

मी पोळ्या आणायला उठले. स्थळ मोडलं की खापर चौकशी करणारीवर फुटतं, मला माहितेय.

शनिवारी म्युझियममध्ये मी मागच्या खुर्चीत बसले होते. ती 'अँड देन'पाशी आली, थांबली, आणि भडाभडा सगळं बोलून मोकळी झाली. बाई हसतच होत्या, नुसत्या ओठांनी. शेवटी म्हणाल्या, "वंडरफुल! वुई विल लेट यू नो."

गाडीत नात खुशीत. "आजी, वंडरफुल म्हणाल्या!" आमच्याकडे 'कळवतो' म्हणाले की नकारच समजायचा.

पण कळवलं बाई त्यांनी! ये म्हणाल्या, फक्त आत नाही, बाहेर फाटकावर, गाड्या लावून घ्यायला. लेक म्हणाला, "सोडून दे, यार." नात ऐकेना. "डॅड, आत जायच्या आधी सगळे मलाच भेटणार ना?"

आता उन्हातून तांबडीलाल होऊन घरी येते. लोकांना काय काय सांगते कोण जाणे. येताना बाईंनी दिलेल्या कुकीज आणते माझ्यासाठी. मी अजून एकही खाल्लेली नाही.