खोडरबराने पुसलेल्या ओळी

आज सकाळी फ्रेम बदलायला माझी फ्रेंच चित्रं चिंचवडला नेली. घरात माझ्याशिवाय बघणारं कुणी नाही, पण बुरशी लागलेली बघवेना.

सत्तरच्या दशकात मी पिंपरीच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. मशीन बसवायला आलेल्या फ्रेंच इंजिनिअरशी दोस्ती झाली. एकमेकांची भाषा येत नव्हती, सगळं बोलणं ड्रॉइंगवरच. परत गेल्यावर तो दर वर्षी तिकडच्या एखाद्या नव्या चित्रकाराचं छापील चित्र पोस्टाने पाठवायचा. नऊ आली, मग थांबली. कॉलनीतले म्हणायचे, "राव, ह्यात बघायचं काय?" म्हणून एकटाच बघत बसायचो.

फ्रेमवाला म्हणाला, "काका, खाली पेन्सिलीने लिहिलेलं कुणी खोडलं?"

मीच! शाईचं काम झालं की कागदावर पेन्सिलीची खूण ठेवायची नाही, ही आमच्या ऑफिसची शिस्त. नऊच्या नऊ चित्रं मी न वाचता स्वच्छ केली होती.

त्याने कागद उजेडात तिरका धरला. पेन्सिलीच्या दाबाचे वळ अजून आहेत. प्रत्येक चित्राखाली आधी माझं नाव, पुढे दोन ओळी.

फोटो टाकलेत. कुणाला फ्रेंच येतं का? तो नऊ वर्षं मला काय सांगत होता, तेवढं वाचून द्या.