बग्गीच्या दारावरची खोक

स्कॉटलंडमधल्या एका हवेलीत अठराव्या शतकातली बग्गी पाहिली. दगड लागून तिच्या दाराला खोक पडली होती. गाइड बाई म्हणाल्या, “या बग्गीचे मालक असलेले उमराव राजाचे मंत्री होते. एका कायद्यावरून चिडलेल्या जमावानं त्यांना घेरलं. ते वाचले, पण आठवड्यात राजीनामा देऊन इथं आले. पुढं मरेपर्यंत, बाहेर चाकं वाजली की पडदे ओढायला लावत.”

पडद्यामागे बसून ते काय ऐकत असतील, ते मला कळलं.

“तहसीलदार असताना तुमचीही जीप अडवली होती ना?” बायको म्हणाली. “तुम्ही उतरून लोकांना समजावलंत.”

तिला तसं मीच सांगितलं होतं.

“उतरलो नव्हतो गं. आतच अंग चोरून पडलो होतो. अजून गर्दी पाहिली की वाट बदलतो.”

तिनं माझा हात धरला.