कुमुदच्या शाळेचा अर्धा इतिहास

कुमुद गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसलो होतो. नाकात ऑक्सिजनची नळी, तरी विचारलं काय, तर "अहो, फादर काही बोलले का?" मी म्हटलं, "फादर गेला खड्ड्यात, तू आधी श्वास घे." हसली. सकाळी गेली... लोक भेटायला येतात, बायको फार सोशिक होती म्हणतात. खोटं आहे. हट्टी होती. आणि शेवटी ज्या हट्टापायी तिची झोप उडाली, तो अजून पुरा झालेला नाही.

आमच्या या हिंदी मुलखातल्या गावात, छावणीच्या कडेला, मिशनची शाळा आहे. कुमुद तिथंच शिकली, तिथंच मास्तरीण झाली, तिथूनच रिटायर झाली. तिच्या लहानपणी तिथं आठवीच्या पुढं वर्ग नव्हते. हायस्कूल उभं केलं ते सिस्टर फिलोमिनानं. दक्षिणेकडची बाई, हिंदी कामापुरतं, पण सायकलवरून सगळा सीपरी बाजार पालथा घालायची, मुलींच्या आयांना गाठायची. आमच्या मराठी घरांतून एकच कुजबुज, पोरी बाटतील. कुमुदच्या आईनं तर सिस्टरला ओसरीवरच बसवलं, पाणी वेगळ्या पेल्यातून दिलं. सिस्टर ते पाणी प्याली आणि म्हणाली, "माता जी, बर्तन अलग रखिए, लड़की भेज दीजिए." मुलगी गेली. नववीच्या पहिल्या वर्गात मूठभर पोरी होत्या, त्यात आमची कुमुद.

पुढं सिस्टरनं नन्सचा तो पांढरा झगा कायमचा उतरवला आणि रेल्वेतल्या एका बिजवर गार्डाशी लग्न केलं. झालं! शाळेनं व्हरांड्यातली तिची तसबीर काढून टाकली, गावानं तोंडसुख घेतलं. तिच्या दारात कुणी जाईना. कुमुद जायची. दर नाताळला करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन, माझ्या स्कूटरवर. मी बाहेर थांबलो की ती बाई आतून ओरडायची, "जमाई बाबू, बाहर पहरा दे रहे हो क्या?" ती मेली तेव्हा शाळेतून मातीला एकटी कुमुद होती.

मध्यंतरी शाळेचा मोठा वाढदिवस ठरला. स्मरणिकेत हायस्कूलचा इतिहास मॅडमनीच लिहावा, असं नवे फादर घरी येऊन सांगून गेले. माणूस चांगला, माझ्या पोराच्या वयाचा. हिनं लिहिलं. छपाईआधी वाचायला आलं, तर सिस्टर गायब. हायस्कूल सुरू झालं, एवढंच. जसं काही आपोआप उगवलं! फादर म्हणाले, "मैडम, मिशन के ऊपर वाले नहीं मानेंगे. पुरानी बात है, जाने दीजिए." ही म्हणाली, "तो मेरा नाम भी जाने दीजिए." फादर कागद उचलून निघून गेले. त्यानंतर ही आजारीच पडली.

तेराव्यानंतर फादर परत आले, मान खाली घालून बसले. "काका जी, मैडम पर पूरा पेज देंगे. एक अच्छी फोटो चाहिए." आमचा मुलगा म्हणाला, "दे दो ना बाबा, आईचं नाव राहील." मलाही मोह झाला. मी रेल्वे वर्कशॉपातला फिटर, आमच्या खानदानात छापील कागदावर कुणी आलेलं नाही. कुमुदचं नाव राहावं असं मला वाटणार नाही तर कुणाला? पण तिनं नको म्हटलं होतं, आणि आता तिला विचारता येत नाही...

मग मी उठलो आणि भिंतीवरची तसबीर उतरवली. कुमुदच्या नोकरीच्या पहिल्या दिवसाची. ही खुर्चीवर, बावरलेली, आणि मागं पांढऱ्या झग्यातली सिस्टर, हात हिच्या खांद्यावर. म्हटलं, "फोटो यही है. काटना मत. हाथ काटोगे तो कंधा भी कटेगा." फादरांनी खिशातून रुमाल काढला. तसबीर रुमालात गुंडाळली आणि घेऊन गेले.

स्मरणिका अजून निघालेली नाही. तो फोटो छापतील का, अख्खा छापतील का, मला ठाऊक नाही. मुलगा म्हणतो, दुसरा फोटो मोठा करून आणतो, समोर दिवा लावायला तरी हवा. मी नको म्हटलं. भिंतीवर नुसता खिळा आहे आणि खाली चुन्याचा पांढरा चौकोन. माणसं हार घेऊन येतात, इकडंतिकडं बघतात, विचारतात, "वहिनींचा फोटो कुठंय?"

मी सांगतो, शाळेत गेलीय.